आजाराचं नाव ठरेपर्यंत

गणपतीत पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसाला सहा-सात वेळा जुलाब, उजव्या बाजूला बेंबीखाली कळ, संध्याकाळी कणकण. फॅमिली डॉक्टरांनी आधी अमीबाचं औषध दिलं, दोनदा. आत्या म्हणाली, ‘संग्रहणी आहे ही, ताकावर राहा.’ राहिले. दिवाळीपर्यंत वजन ५६ वरून ४८ वर आलं.

मग पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. शौचाच्या तपासणीत कॅल्प्रोटेक्टिन भरपूर वाढलेलं निघालं. म्हणजे आतड्याला सूज आहे एवढं नक्की, पण कशाची ते त्यातून कळत नाही. कोलोनोस्कोपी ठरली. तपासणीचं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की ती काहीच नाही, आदल्या रात्री प्यावं लागणारं ते दोन लिटर खारट पाणी म्हणजे खरी शिक्षा.

लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे आणि पुढे मोठ्या आतड्यातही व्रण होते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे दोन आजार दाखवले. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे भिंतीला तळातून चढणारी ओल. गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर जाते. क्रोन्स म्हणजे पावसाळ्यानंतरचा रस्ता, मध्ये चांगला, मग खड्डा, परत चांगला. ‘तुमचा रस्ता आहे, पण खड्डे क्रोन्सचेच आहेत की टीबीचे, ते आज सांगता येत नाही.’

टीबी म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, खोकला नव्हता. पण टीबी आतड्यालाही होतो आणि नेमका त्याच सांध्यावर जास्त. टीबीचे व्रण बहुधा आडवे, क्रोन्सचे उभे. माझे दोन्ही तऱ्हेचे. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, सापडले, तेही दोन्हीत असू शकतात. टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी निगेटिव्ह, पण आतड्याच्या टीबीत ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते म्हणे.

चुकून चालणार नव्हतं. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात; आत टीबी असेल तर तो त्यांनी उसळतो. म्हणून आधी टीबीच्या गोळ्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी. वजनाच्या हिशोबाने रोज तीन गोळ्या, उपाशीपोटी. लघवी केशरी व्हायची. निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी रुग्णांच्या नोंदणीत, नाव चढलं, आशाताई घरी यायला लागल्या आणि आठवड्याभरात अख्ख्या वाड्याला कळलं. आईने माझं ताट-भांडं वेगळं केलं नाही, शेजारच्या काकू मात्र पायरीवरूनच बोलू लागल्या.

गंमत म्हणजे मला जरा बरं वाटू लागलं. ताप उतरला, किलोभर वजन वाढलं. टीबीच आहे, अजून चार महिन्यांत सुटेन, असं मी सगळ्यांना सांगूनही टाकलं. दुसऱ्या कोलोनोस्कोपीची काय गरज, म्हणून डॉक्टरांशी हुज्जतही घातली. ते म्हणाले, ‘तुम्हाला काय वाटतं ते नको, आतडं काय म्हणतं ते बघू.’ परत तेच दोन लिटर. व्रण होते तसेच होते, एक तर आणखी खोल गेलेला.

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात कागदावर लिहिलं गेलं: क्रोन्स, ए२ एल३ बी१. मला तो सोसायटीतल्या फ्लॅटचा नंबर वाटला. ही मॉन्ट्रियल वर्गवारी. ए म्हणजे निदानाच्या वेळचं वय, १७ ते ४० ला ए२. मी ३१ ची. एल म्हणजे जागा. एल३, लहान आतड्याचं टोक आणि मोठं आतडं, दोन्ही. बी म्हणजे वागणूक. बी१ म्हणजे आतडं अजून आवळलेलं नाही, फिस्टुला, म्हणजे आतड्यातून आरपार फुटलेली वाट, झालेला नाही. जागा सहसा फारशी बदलत नाही, बी मात्र वर्षांनुवर्षांत बदलू शकतो. त्या एकाच्या आकड्यावर मी अजून डोळा ठेवून असते.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, स्टेरॉइड आणि नंतर अझाथायोप्रिन, तीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, सुरू झाली. आशाताई शेवटच्या आल्या तेव्हा त्यांनी रजिस्टरमधलं माझं नाव खोडलं आणि विचारलं, ‘मग ताई, तुम्हाला झालंय तरी काय?’ मी सांगितलं. त्यांनी पेन उचललं, पान वरखाली पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ह्याला आमच्याकडे रकानाच नाही हो.’