बाळाला सांभाळायला ताई मिळाल्या, पण पडताळणी काही होईना

माझी बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली होती. नवऱ्याची नोकरी नाशिकच्या सातपूरला शिफ्टची, माझी अंबडला, आणि दोन्ही घरच्या आज्या तब्येतीमुळे गावाहून हलू शकत नव्हत्या. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असा कायदा आहे, पण आमच्याकडे तेवढी माणसंच नाहीत. म्हणून घरीच राहून बाळाला सांभाळेल अशी बाई हवी होती.

ताई ओळखीतून लगेच मिळाल्या. सुरगाण्याच्या बाजूच्या, स्वतःची मुलं मोठी केलेल्या, बोलायला कमी आणि हाताला मऊ. घोडं अडलं ते पोलीस पडताळणीपाशी.

आमच्या भागातल्या ठाण्यात फोटो, आधारची झेरॉक्स आणि ओळखीच्या दोघांचे नंबर घेऊन गेलो. टेबलावरच्या माणसाने कागद बघितले आणि बाजूला सारले. आधारवर ताईंच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं. ‘या दोन बाया की एक?’ असं त्याने ताईंसमोरच विचारलं. अहो, आपल्याकडे लग्नानंतर निम्म्या बायकांचे कागद असेच असतात! आधी आधार दुरुस्त करून आणा म्हणे. आधार केंद्रावर लग्नाचा पुरावा मागितला. ताईंचं लग्न पाड्यावर झालेलं, नोंदणी कुठली? शिवाय आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने काहीतरी करून टाकायलाही मन धजेना. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो तर टेबलावर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. काय आणलं म्हणजे चालेल, एवढं एक वाक्य कोणी सांगेना. रजेचे दिवस सरत होते आणि ताई त्या बाकावर पदर आवळून बसायच्या, जणू त्यांनीच काही केलंय. त्याचा राग मला अजून येतो.

शेवटी वाट दाखवली ती ताईंच्या भावाने. गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर अर्ज घेतला गेला. त्यानंतरही थांबावं लागलं, कारण नाशिक शहराचं आयुक्तालय वेगळं आणि सुरगाणा येतो ग्रामीण पोलिसांकडे, म्हणजे कागद तिकडे जाऊन परत यायचा. तेव्हा तुमच्याकडच्या बाई पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या असतील तर हे दोन्ही कागद आधीच तयार ठेवा. अर्जाची पोच शिक्क्यासकट मागून घ्या. आम्हाला पुढच्या प्रत्येक खेपेला तीच उपयोगी पडली.

एजन्सीचंही सांगते, ते आधीच सांगायला हवं होतं. ‘आमच्या बायका व्हेरिफाइड’ म्हणणाऱ्या एकीकडे आम्ही सुरुवातीला चौकशी केली होती. पडताळणीचा कागद मागितल्यावर फोन घेणंच बंद. आणि दाखवली होती ती मुलगी पंधरा-सोळाची वाटत होती. १४ वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहेच, पण अठराच्या आतलीलाही ठेवू नका. तिचं वय शिकायचं असतं.

ताईंच्या भावाने आमचं घर बघितलं आणि आम्हालाच विचारलं, ‘तुमची खात्री कोण देणार?’ मला ते फार पटलं. एक बाई घरदार सोडून परक्या घरात रात्री झोपणार, आणि पडताळणी फक्त तिची! आम्ही दोघांच्या आधारच्या प्रती, कंपन्यांचे पत्ते आणि शेजारच्या काकूंचा नंबर त्याला दिला. तुम्हीही द्या.

पगार बँकेत टाका. खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा निघतो, तो आम्ही ताईंचा काढला. झोपायला स्वतंत्र जागा, आठवड्याची पूर्ण सुट्टी आणि फोनवर घरी बोलायला वेळ, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. नाहीतर चोवीस तास घरात असलेल्या बाईला चोवीस तास काम सांगितलं जातं. रजेचे शेवटचे काही दिवस मात्र हाताशी ठेवा, म्हणजे तुम्ही घरी असतानाच बाळ आणि ताई एकमेकांना सरावतात.

आणि होळी. तिकडे होळी दिवाळीपेक्षा मोठी, ताई गावी जाणारच. आपली रजा आधीच टाकून ठेवा, मी यंदाची टाकली आहे.