जमिनीखालचे पाणी

फ्रान्समधील मोंपेलिए शहराच्या जुन्या भागात आज जमिनीखालचे मध्ययुगीन ज्यू स्नानकुंड पाहत असताना आमच्या गटातील एक बाई म्हणाल्या, “इथे पाण्याशिवाय आहे तरी काय?” त्यांचे ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

बाराव्या-तेराव्या शतकातील हे कुंड बाराल्री गल्लीतील एका घराखाली आहे. अरुंद दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि शेवटच्या पायऱ्या पाण्याखालीही स्पष्ट दिसतात. हे पाणी कोणी आणून भरलेले नाही, ते भूगर्भातून आपोआप येते. धार्मिक शुद्धीच्या स्नानाला असेच जिवंत पाणी लागते. 1985 मध्ये हे कुंड पुन्हा उजेडात आले.

याच शहरात 1181 मध्ये गिल्हेम आठवा या सरदाराने, कोणीही, कुठूनही आलेला असो, येथे वैद्यक शिकवू शकेल, अशी मुभा दिली होती आणि त्याचे कौतुक मोंपेलिए आजही अभिमानाने करते, जे योग्यच आहे. पण 1306 मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याने ज्यूंना देशाबाहेर काढले, त्यांची मालमत्ता जप्त केली. गल्लीत वर उभे राहून पाहिले तर या दुसऱ्या गोष्टीची खूण सहजी दिसत नाही. त्यासाठी पायऱ्या उतराव्याच लागतात.

मला त्या बाईंचा राग आला नाही, वाईट मात्र वाटले. जी माणसे हाकलली गेली, त्यांच्या वस्तीत आपण नेमके काय शिल्लक असण्याची अपेक्षा धरतो?