पॉलिशवाल्यांच्या हातातलं सिमेंट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पडवीत वडील लाकडी फर्निचरला चपड्याचं, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचं पॉलिश करायचे. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, सुती फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा आणि न थांबता फिरणारा हात. पुढे मेलामाइनचं पॉलिश आलं, पीयूचं (पॉलियुरेथेन) आलं आणि शेवटी लॅमिनेटने आमचं बरंचसं काम खाल्लं. कारखाना मकरपुऱ्याला हलवून धंदा माझ्याकडे आला, तेव्हा कारागीर होते, काम नव्हतं.

मायक्रोसिमेंटची, म्हणजे फर्निचरवर चढवायच्या सिमेंटच्या पातळ थराची, पहिली चौकशी एका आर्किटेक्टबाईंनी केली. जेवणाचं टेबल दगडासारखं दिसायला हवं, पण घर वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंट, बारीक खनिज पूड आणि पॉलिमर. सगळे हात मिळून जाडी २ ते ३ मिलिमीटर. खालचा प्लाय धरूनही टेबल दोघांना उचलता येतं.

लोकांना वाटतं, सिमेंट म्हणजे कडियाचं, गवंड्याचं काम. जमिनीला आणि भिंतीला ते ठीक आहे. फर्निचरवर मात्र आमचे पॉलिशवालेच सरस ठरले. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा पेपर मारायचा, धूळ पुसायची, पुन्हा हात. हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं. बोळा गेला, लवचिक पात्याची थापी आली, एवढाच फरक. (पेपर मारताना मास्क मात्र सक्तीचा. सिलिकाची धूळ चपड्यासारखी भोळी नाही.)

खरं काम दिसतच नाही. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, खाली लाकडी चौकट, म्हणजे टेबलाचं वरचं पान वाकणार नाही. सांध्यांवर फायबरची जाळी, मग प्रायमर, मग जाडसर दाण्याचे हात, वर बारीक दाण्याचे. धारदार कडा आधी किंचित गोल करून घ्यायच्या, नाहीतर पहिल्याच ठोकरीला टवका उडतो. सुताराला सुरुवातीलाच बजावतो: ड्रॉवरच्या फटी जास्त ठेव. दोन्ही कडांवर थर चढला की नेहमीची फट उरतच नाही आणि ड्रॉवर पावसाळ्याची वाटही न बघता अडकतो.

गिऱ्हाइकाला पटवायला आम्ही दोन तुकडे ठेवलेत, एक सीलर (डाग आत शिरू न देणारा वरचा हात) मारलेला, एक कोरा. दोन्हींवर हळदीचं पाणी टाकतो. कोऱ्या तुकड्यावर पिवळा डाग बघता बघता तांबूस होतो, कारण सिमेंट अल्कलीयुक्त. हळदीला चुना लावून कुंकू करायची रीत ज्यांनी घरात पाहिली आहे, त्या काकू लगेच हसतात. लिंबाचा थेंब वेगळाच उद्योग करतो, पृष्ठभाग खाऊन फिकट ठिपका पाडतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या कामाला दोन घटकांचं पीयू सीलर, आणि तेही पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडाभर. तोवर टेबलावर जेवायचं नाही, असं सांगितलं की घरातली पोरं आमच्यावर नाराज. सीलर लागला तरी कुकर आडणीवरच ठेवायचा, आणि सांडलेलं लगेच पुसायचं. संडास साफ करायचं ॲसिड या पृष्ठभागाच्या आसपासही नको.

काही कामं आम्ही घेत नाही. भरीव सागवान हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आखडतं-फुगतं, वरचा सिमेंटचा थर तसा हलत नाही, मग तडा जातो. बडोद्याचा पावसाळा तर लाकडाची परीक्षाच बघतो. एकदा एक गृहस्थ बडोद्याजवळच्या संखेड्याचा लाकडी झुला घेऊन आले, ‘‘जुनाट दिसतो, राखाडी करून द्या.’’ खरादी कारागिरांचं लाखकाम होतं ते, काठांवरची चमक अजून शाबूत. मी पैसे घेऊन ते झाकायला नाही म्हटलं, वडिलांच्या पद्धतीने साफ करून दिलं. बिल फारच किरकोळ झालं, पण आज त्यांच्याकडून फोन येतो तो नव्या कामाचाच.

लॅमिनेटचं जुनं कपाट मात्र खुशाल आणा, फक्त लॅमिनेट कुठे सुटलेलं नसावं. आधी ठोकून बघतो, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून टाकतो, मग पेपर मारून प्रायमर. सध्या बेसिनखालच्या कपाटांची मागणी जास्त आहे. तिथे पाणी साचतं, म्हणून बेसिनच्या कडेला सिलिकॉन भरल्याशिवाय आणि सीलर पुरता वाळल्याशिवाय नळ सुरू करू देत नाही, प्लंबर कितीही घाईत असो.