तुम्ही विचारलंत म्हणून

‘शिकलेली माणसं तुम्ही, इस्पितळाच्या प्रश्नावर रस्त्यात का बसता? निवेदन द्या की!’ पणजीच्या आझाद मैदानावरून परतलो की कोणी ना कोणी हे ऐकवतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. मावशीला दिलेली महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. मध्ये राज्याची हद्द आणि एक चेकनाका. दोन्ही घरांत कोणी गंभीर झालं की तोंडून एकच शब्द येतो, बांबोळी. म्हणजे तिथलं गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ; ‘गोमेकॉ’ हे वर्तमानपत्रात.

2016 मध्ये गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे उपचार. मला कार्ड मिळालं. जानेवारी 2018 पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि मावशी एका रात्रीत परराज्यातली झाली. गोंयकारांचं म्हणणं मला कळत होतं. खाटा अपुऱ्या, खर्च गोव्याच्या तिजोरीतून. ते काही खोटं नव्हतं.

पण मावशीने निवेदन द्यायचं कुणाला? निर्णय गोवा सरकारचा, तिथे तिला मत नाही. तिने निवडून दिलेला आमदार मुंबईच्या विधानसभेत, त्याचं बांबोळीत काही चालत नाही. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क म्हटलाय, कर्तव्यसुद्धा. छान आहे. पण सरकारी इस्पितळाच्या कारभारात लक्ष घालणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर जायचं तर आधी कोणी नेमावं लागतं. मावशीला कोण नेमणार?

मार्चमध्ये दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, तशी तीही जाऊन बसली. जन्मात कधी सभेला न गेलेली बाई. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत काकांचे केस पेपर, घड्या मोडून मोडून चिरलेले. ऊन चढलं की तीच पिशवी डोक्यावर. माइक कुणाच्या हातात आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं; कोणी साहेब आला तर कागद दाखवायचे, एवढंच.

(ॲम्ब्युलन्सची वाट अडवू नये, याबद्दल माझं दुमत नाही.)

पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सिंधुदुर्गच्या रुग्णांसाठी गोमेकॉत वाट निघाली. नुसत्या अर्जांवर ती निघाली असती, असं मला तरी वाटत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशीने सरकून जागा दिली. म्हणाली, ‘तुका फुकट, मगे माका कित्याक नाय रे?’ तासभर तिच्याशेजारी बसलो. कार्ड खिशातच होतं.