सुतारकामाचे टेबल उभे राहिले

जुन्या घराच्या सागवानी चौकटी रंधून सुतारकामाचे भक्कम टेबल घरीच करण्याचा जो घाट घातला होता, तो आज तिसऱ्या रविवारी तडीस गेला. पायांत पटाशीने खाचा पाडून आडव्या पट्ट्यांची कुसू केलेली, म्हणजे खाचेत घट्ट बसतील अशी तासलेली, टोके त्यांत बसवली, कारण रंधा मारताना जोर आडवा लागतो आणि नुसत्या स्क्रूवर उभे केलेले टेबल लवकरच डुलू लागते. चौकट काटकोनात आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजले, तर ४ मिलिमीटरचा फरक निघाला. सरस वाळण्यापूर्वी लांब कर्णावर क्लॅम्प आवळून तो काढावा लागला. उंची मी उभा असताना माझ्या मनगटापर्यंत येईल एवढी, ८२ सेंटिमीटर ठेवली आहे. एक खाच सैल झाली, तिच्यात पाचर ठोकली; सौभाग्यवतींनी नेमकी तीच पहिल्या नजरेत हेरली.