वाड्याच्या खिडक्या

औशाजवळच्या आमच्या वाड्यात आज सुतारकाका आले होते. खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवा, असं घरात सगळ्यांचंच चाललेलं. काकांनी ऑइलपेंटचा थर खरवडला, तर खाली अस्सल सागवान! फक्त खालची पट्टी कुजलीय, पाणी तिथंच साचतं ना. तेवढीच कापून जुन्या सागाचा तुकडा सांधायचा, वरून जवसाचं तेल. भिंतीला सिमेंट मात्र अजिबात नको. ओल आतच कोंडते आणि चौकट सडते. चुनाच पाहिजे.

१९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड सपाट छताच्या घरांची धास्ती घेतली. ती खोटी नव्हती, म्हणून भिंती इंजिनिअरकडून तपासून घेणार आहे. पण खिडक्या ह्याच राहणार.

चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.