पुतळा त्याचा आणि दोरी कुणाची

गोव्यात पर्वरीला ‘ओ कोकेरो’ नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे. चिकन काफ्रियालसाठी फेमस. आम्ही तिथे गेलो होतो त्याला आता बरीच वर्षं झाली, सगळं खटलं होतं बरोबर, आई, मावशी, नवरा, भाचे कंपनी, आणि आत शिरल्या शिरल्या भाचा ओरडला, मावशी ते बघ! एका टेबलाशी खुर्चीत एक माणूस आरामात बसलाय. जवळ गेल्यावर कळलं की पुतळा आहे. चार्ल्स शोभराजचा, तिहार तुरुंगातून पळालेला तो खुनी. ६ एप्रिल १९८६ ला तो याच रेस्टॉरंटमध्ये पकडला गेला म्हणून. भाच्याने त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला, तो लगेच फॅमिली ग्रुपवर गेला, डोंबिवलीच्या काकांचा त्यावर अंगठा आला, आणि आम्ही काफ्रियाल मागवलं.

मला तेव्हा काही म्हणजे काही खटकलं नाही हे आधीच कबूल करते. मीही काढला असता फोटो, मोबाइलची बॅटरी मेली होती म्हणून राहिला.

खटकलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये. नेटफ्लिक्सवर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ आला आणि आम्ही शनिवारी रात्री जेवताना लावला. चिन्मय मांडलेकरचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, मनोज बाजपेयी झेंडे, गिरिजा ओक त्यांची बायको, भाऊ कदम, सचिन खेडेकर, म्हणजे हिंदी सिनेमा असला तरी घरात मराठी सिनेमा बघतोय असंच वाटत होतं. शोभराजचं नाव बदलून कार्ल भोजराज केलंय आणि तो झालाय जिम सार्भ. सिनेमा बघताना मध्येच आईने विचारलं, “अगं, म्हणजे हा झेंडे खरा होता?” मी म्हटलं हो, मधुकर झेंडे, मुंबई पोलीस, त्यांनीच पकडलं त्याला, आपण गेलो होतो ना त्या हॉटेलात. तर आई म्हणाली, “मग त्यांचा पुतळा कुठाय?”

मला काही उत्तर देता आलं नाही. आणि तेव्हापासून हे डोक्यात बसलंय म्हणून ही पोस्ट.

सिनेमा कसा आहे ते पटकन सांगते. मधलाच आहे. विनोद काही ठिकाणी ओढून ताणून आणलाय, म्युझिक सारखं कोपराने ढोसतं की हसा आता, आणि पाठलागाचं टेन्शन जिथे वाढायला पाहिजे तिथे नेमका एखादा पाचकळ जोक येतो. बऱ्याच रिव्ह्यूवाल्यांनी झोडपलं आणि त्यांचं चूक नाही. पण एक गोष्ट या सिनेमाने केली जी शोभराजवरच्या बाकी कुठल्याच कलाकृतीने धड केली नाही, त्याने शोभराजला भाव दिला नाही. जिम सार्भ स्टायलिश दिसतो, बोलतो, पण सिनेमा त्याच्यावर भाळत नाही, थोडं हसतोच त्याला. सगळं लक्ष कुणावर, तर त्या मध्यमवर्गीय इन्स्पेक्टरवर आणि खिशात पुरेसे पैसे नसताना गोव्यात येऊन थांबलेल्या त्याच्या टीमवर.

आता आधीचं आठवा. २०१५ मध्ये रणदीप हुडाचा ‘मैं और चार्ल्स’ आला होता, तो म्हणे दिल्ली पोलिसांतल्या आमोद कंठ यांच्या बाजूने सांगितलेला, पण थिएटरमधून बाहेर पडलेल्या कुणाला पोलीस आठवत होता? सगळ्यांना हुडाची कॅप आणि ते ॲक्सेंट मारलेलं बोलणं. २०२१ मध्ये बीबीसीची ‘द सर्पंट’ आली, आठ भाग, शोभराज झालाय ताहार रहीम. मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू, कारण त्यात हर्मन क्निपेनबर्ग नावाचा बँकॉकमधला डच वकिलातीतला अधिकारी आहे, जो दोन बेपत्ता डच पोरांचा माग काढत काढत कागद जमवत बसतो, वरचे साहेब सांगतात हे तुझं काम नाही तरी हा सोडत नाही. हा माणूसही खराखुरा. पण सिरीजचं पोस्टर कुणाचं? गॉगलवाल्याचंच. आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘ब्लॅक वॉरंट’ आली, तिहारवरची, त्यातही शोभराज आला की कॅमेऱ्याचा वेगच बदलतो, सिद्धांत गुप्ता काम मस्त करतो म्हणून तर जास्तच.

मुद्दा असा की या माणसाने १९७० च्या दशकात थायलंड, नेपाळ इकडे फिरायला आलेली, पाठीवर सॅक टाकून निघालेली वीस-बावीस वर्षांची पोरं मारली. औषध पाजून, लुटून. नेपाळच्या कोर्टाने खुनासाठी जन्मठेप दिली. शोभराज म्हटलं की मला टोपी आठवते, साप आठवतो, तिहारमधली मिठाई आठवते, आणि त्या पोरापोरींपैकी एकाचंही नाव न शोधता आठवत नाही. तुम्हाला येतं? मला लाज वाटली थोडी.

मिठाईचा किस्सा बहुतेकांना माहीत असेल. १६ मार्च १९८६ ला वाढदिवस आहे असं सांगून त्याने तिहारच्या गार्डांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारली आणि सरळ गेटमधून बाहेर पडला. त्यानंतर एकवीस दिवसांनी पर्वरी. झेंड्यांना पाठवलं कारण त्यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत एकदा पकडलेलं होतं, ते त्याला चेहऱ्याने ओळखत होते. ना सीसीटीव्ही, ना मोबाइल लोकेशन. वाट बघायची. मला या केसमधली सगळ्यात भारी गोष्ट ही वाट बघण्याचीच वाटते, रोज तेच टेबल, तेच दार, प्रत्येक आत येणाऱ्या फॉरेनरकडे न बघितल्यासारखं करून बघायचं, आणि बिल आपल्यालाच भरायचंय हे लक्षात ठेवून ऑर्डर द्यायची. शेवटी तो आला, झेंड्यांनी मागून जाऊन धरला, चार्ल्स म्हणून हाक मारली. बेड्या नव्हत्या म्हणून रेस्टॉरंटमधल्याच दोरीने बांधला आणि गाडीत आपली माणसं त्याच्या अंगावर बसवून मुंबईला आणला, असं झेंडे स्वतः सांगतात. हा सीन कुठल्या लेखकाने लिहिला असता तर प्रोड्यूसर म्हणाला असता, फार फिल्मी होतंय हो, थोडं रिअलिस्टिक करा.

आता यावर एक ठरलेला आक्षेप येतो आणि माझ्या नवऱ्याने तो लगेच घेतला. की त्याला पकडून घ्यायचंच होतं. थायलंडमध्ये त्याच्यावर वॉरंट होतं, तिथे फाशी झाली असती, ते वॉरंट वीस वर्षांनी बाद होणार होतं, भारतातली शिक्षा त्याआधीच संपत आलेली, म्हणून मुद्दाम पळाला, पकडला गेला, शिक्षा वाढवून घेतली, आणि १९९७ मध्ये सुटला तेव्हा थायलंडचं काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. पॅरिसला जाऊन मुलाखतींचे पैसे घेत बसला. “म्हणजे झेंडेंनी काय केलं, त्याच्या प्लॅनमध्येच होते ते,” इति नवरा, पापड खात.

हे असूही शकेल. पण बघा ना गंमत, पळाला तरी त्याची हुशारी आणि पकडला गेला तरी त्याचीच हुशारी. दोरीने बांधून अंगावर माणसं बसवून आणला तरी क्रेडिट बांधलेल्यालाच! आणि समजा होताही त्याचा प्लॅन, झेंड्यांना कुठे माहीत होता? त्यांनी वाट बघितली ती खरीच बघितली ना. शिवाय एवढाच ब्रह्मदेव होता तर २००३ मध्ये आपण होऊन नेपाळात कशाला गेला, जिथे खुनाची केस पडून होती, आणि काठमांडूच्या कॅसिनोत कशाला सापडला? पुढची एकोणीस वर्षं आत काढली, डिसेंबर २०२२ मध्ये म्हातारा होऊन सुटला. हा पण प्लॅनच का? नवरा गप्प. पापड संपला होता.

तर गुन्हेगारावर फिदा होणं हे काही नेटफ्लिक्सने आणलेलं नाही, उगाच त्यांच्यावर कशाला ढकला. आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची चळत होती, हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने, आणि आजोबांचे लाडके कोण तर झुंजार आणि काळापहाड, म्हणजे कायद्याला वाकुल्या दाखवणारेच. ‘दृश्यम’ घ्या. निशिकांत कामतने गोव्यातच केलेला, आणि दरवर्षी २ ऑक्टोबर आला की आपण सगळे पणजीचा सत्संग आणि पावभाजीचे मीम्स टाकतो, म्हणजे देशातली अर्धी जनता प्रेत लपवणाऱ्याच्या ॲलिबायमध्ये सामील आहे. मीही आहे. पण विजय साळगावकर कुणाच्या तरी टेबलावर कागदात जन्मला. शोभराजने मारलेल्यांच्या आया खऱ्या होत्या.

आणि मग ‘देवमाणूस’. झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झाली, वाईच्या त्या डॉक्टरच्या गाजलेल्या प्रकरणावर बेतलेली म्हणून चर्चा होती, आणि आई रोज साडेदहाला लावायची. मी म्हणायचे अगं काय बघतेस, बायकांचे खून करतोय तो. तर म्हणायची मी सरू आजीच्या म्हणींसाठी बघते. मग हळूहळू असं झालं की डॉक्टर पकडला जाणार असं वाटलं की आई अस्वस्थ व्हायची! पकडला गेला तर सिरीयल संपेल ना. २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ म्हणून परत आली. खुनी पकडला जाऊ नये अशी इच्छा प्रेक्षकाच्या मनात रोज अर्धा तास पेरायची, याच्यावर कुणी काही बोलत नाही, बोलतात ते फक्त टीआरपीवर. दुसऱ्या टोकाला ‘सीआयडी’, जिथे खुनी कोण होता हे भाग संपल्यावर दहा मिनिटांत विसरायला होतं आणि लक्षात राहतात ते पोलीस. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नला मारल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी सोनीला एवढ्या शिव्या घातल्या की बस, आणि मग ते परतही आले, येणारच होते. प्रद्युम्न करणारे शिवाजी साटम मुळात बँकेतले, आणि ‘सीआयडी’वाल्या बी. पी. सिंग यांच्याबरोबर दूरदर्शनच्या मराठी ‘एक शून्य शून्य’पासूनचे, म्हणजे त्या बोटं फिरवण्याच्या आधीची पुण्याई बरीच आहे. हसा किती हसायचंय ते, पण वीस वर्षं खुन्याला हिरो न करता क्राइम शो चालवून दाखवलाय त्या लोकांनी.

खरं तर या सगळ्यावर बरं उत्तर आपल्याकडे मराठीतच येऊन गेलंय आणि फार कमी लोकांनी बघितलंय, ‘मानवत मर्डर्स’, सोनी लिव्हवर, ऑक्टोबर २०२४. परभणी जिल्ह्यातलं मानवत, १९७२ पासूनचं ते खून सत्र, गुप्तधनाच्या नादापायी बायका आणि लहान लहान पोरी मारलेल्या. आणि सालही कुठलं, १९७२, दुष्काळाचं, ज्या साली सुकडी आणि मिलो खाल्ली ते सांगताना माझे सासरे अजून एकदम हळू आवाजात बोलतात. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींच्या पुस्तकावरून केलीय ती सिरीज. हेच ते, ज्यांच्या हाताखाली १९६८ मध्ये मुंबईत सीरियल किलर रामन राघवची केस सुटली. (रामन राघववर सिनेमे झाले, रमाकांत कुलकर्णी हे नाव मला २०२४ पर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे परत तेच.)

आशुतोष गोवारीकरने कुलकर्णी केलेत आणि इतके शांत केलेत की पहिल्या दोन भागांत मला वाटलं ह्याला ॲक्टिंग येत नाही. तिसऱ्या भागात कळलं की हा माणूस फक्त ऐकतोय. स्टेटमेंट घेतोय, परत घेतोय, परत तोच प्रश्न. मकरंद अनासपुरे आणि सोनाली कुलकर्णी दोघंही ओळखू येणार नाहीत असे. स्लो आहे, आठ भागांचे सहा झाले असते तर बरं झालं असतं. आणि एक गोष्ट बोचत राहिली, केसमध्ये पारधी समाजाची माणसं आहेत, ज्यांना इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये त्यातून सोडवलं तरी पोलिसांच्या डोक्यातून ते गेलं नाही, तर या बाजूला सिरीजने आणखी थांबायला हवं होतं. अधिकाऱ्याच्या नजरेतून सांगितलं की हा प्रॉब्लेम येतो. खुन्याच्या प्रेमातून सुटून साहेबाच्या प्रेमात पडलं तर तेही काही फार बरं नाही, ‘झेंडे’तही ते थोडं झालंय, पोलीस खात्यात सगळेच कसे गोड.

पण तरी मला वाट बघणारी, तीच ती फाइल परत उघडणारी माणसं बघायचीयत. ती बोअर होतात म्हणून लेखक घाबरतात, पण बोअर होणं हाच त्या कामाचा जीव आहे, आणि ते लिहिता आलं पाहिजे.

परवा आईला विचारलं, परत गेलो गोव्याला तर जायचं का पर्वरीला, काफ्रियाल खायला? म्हणाली जाऊ की. मग थोडा वेळ भाजी निवडत बसली आणि म्हणाली, “त्यांना विचार ना, ती दोरी ठेवलीय का त्यांनी. ती बघायला आवडेल मला.”